वसईचा धर्मग्राम : राज्ये बदलली, व्यवस्था टिकली

आज आपण ज्या संस्थेबद्दल बोलणार आहोत, तिला मराठीत चांगले नाव आहे, पण बहुतेक मराठी माणसांनी ते ऐकलेले नसते. ते नाव म्हणजे धर्मग्राम. इंग्रजीत यालाच पॅरिश म्हणतात. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला, तुमच्या शहरात एखादे कॅथलिक चर्च असणारच. पण चर्च ही झाली वास्तू. धर्मग्राम म्हणजे त्या वास्तूभोवतीची माणसे, त्यांची ठरलेली हद्द, त्यांच्या नोंदवह्या आणि त्यांचा हिशेब.

उदाहरण म्हणून मी वसई निवडली आहे. एक तर तिथल्या कॅथलिकांची उपासनेची भाषा मराठी आहे. दुसरे म्हणजे पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आणि स्वतंत्र भारत अशा चार राजवटी तिथल्या धर्मग्रामांनी पाहिल्या. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे धर्मग्राम राजाश्रयाने सुरू झाले, पण टिकले ते गावकऱ्यांच्या बळावर.

सुरुवात 1534 सालापासून करू. त्या वर्षी डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन असे संन्यस्त संघ आले. धर्मांतरे झाली. त्यामागे सत्तेचा दबाव आणि आमिष दोन्ही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. या मुलखात देवळे मोडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटले, त्याच्या खुणा आजही दिसतात. पण इतिहास इथेच थांबवला, तर पुढची पाचशे वर्षे समजत नाहीत. दबावाने माणूस एक दिवस चर्चमध्ये येईल. त्याची नातवंडे-पतवंडे दर रविवारी का येतात, याचे उत्तर वेगळीकडे शोधावे लागते.

ते उत्तर शोधताना प्रथम युरोपातली एक घटना पाहू. इटलीत ट्रेंट इथे भरलेली धर्मपरिषद 1563 मध्ये संपली. गुप्तपणे होणाऱ्या लग्नांमुळे फसवणूक व्हायची, म्हणून या परिषदेने नियम केला : लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीनदा व्हावी, लग्न धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांसमोर लागावे, आणि त्याची नोंद वहीत व्हावी. बाप्तिस्म्याची नोंदही, बाळाच्या धर्ममातापित्यांच्या नावांसह, ठेवायची होती. म्हणजे जन्म-विवाहाचे सरकारी दाखले आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, चर्चच्या नियमाने साध्या शेतकऱ्याचे आणि कोळ्याचे नाव कागदावर येण्याची सोय झाली. राजांच्या बखरी लिहिल्या जात होत्या, त्या काळात कष्टकऱ्याच्या मुलीचे नाव तारखेसह लिहिले जावे, ही लहान गोष्ट नाही.

धर्ममातापित्यांमुळे नात्यांचे एक नवे जाळे विणले गेले. बाळाचा बाप आणि बाळाचा धर्मपिता एकमेकांना पोर्तुगीजमध्ये ‘कोंपाद्रे’ म्हणतात. वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला ‘कुपारी’ म्हणतात, ते नाव याच शब्दावरून आले असे मानले जाते. गंमत पाहा, नात्याचा शब्द परका, पण हा समाज घरात बोलतो ती सामवेदी किंवा कादोडी बोली आपल्याच मराठीची बहीण.

आता खरी कसोटी. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी गेले आणि युरोपीय संन्यस्त संघही गेले. किल्ल्यातली भव्य चर्चे ओस पडली. त्यांचे भग्नावशेष आज आपण पाहायला जातो. राजाश्रय हाच धर्मग्रामाचा पाया असता, तर तो तिथेच संपायला हवा होता. तसे झाले नाही. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. गावोगावच्या धर्मग्रामांची जबाबदारी गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील देशी धर्मगुरूंवर आली. राज्य पेशव्यांचे आणि धर्माधिकार गोव्याचा, अशी ही विचित्र घडी 1818 पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, चालली. चर्चचा गाभा आता किल्ल्यात नव्हता. तो वाड्या-आळ्यांत होता.

इंग्रजी अमलात वेगळेच संकट आले. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून जुना हक्क मिळाला होता, त्याला पाद्रोआदो म्हणतात. त्यानुसार इथल्या चर्चची व्यवस्था पोर्तुगालकडे होती. उलट रोमला थेट आपले माणूस नेमायचे होते. मुंबईत 1794 मध्ये इंग्रजांनी चर्चेच या दोन पक्षांत वाटून दिली. एकच धर्म, एकच उपासना, पण शेजारच्या दोन धर्मग्रामांचे वरिष्ठ वेगळे! वसई आणि साष्टीचे धर्मग्राम 1886 च्या करारानंतर पोर्तुगीज हक्कातल्या दमण धर्मप्रांतात गेले आणि 1928 मध्ये मुंबईच्या आर्चबिशपांकडे आले. 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. पुढे 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा असा वसई धर्मप्रांत स्थापन झाला. वरची ही सगळी उलथापालथ चालू असताना खाली गावात बाप्तिस्मे, लग्ने, दफनविधी आणि सण चालूच होते.

हे खाली काय चालू असते, तेही पाहू. धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू बिशप नेमतात, आणि काही वर्षांनी त्यांची बदलीही होते. म्हणजे फादर येतात-जातात. राहतात ते गावकरी. गायकवृंद बसवणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, आजाऱ्यांकडे जाणे, गरिबाघरी गुपचूप धान्य पोचवणे, मयताच्या घरी रात्री प्रार्थनेला जमणे, चर्चच्या सणाची तयारी करणे ही सारी कामे प्रापंचिक माणसे करतात. त्यांतला मोठा वाटा बायका उचलतात. हिशेबाच्या कागदावर या श्रमाचा आकडा कधीच येत नाही.

यातला सर्वांत मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घडवला. डिसेंबर 1963 मध्ये या परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडले आणि लॅटिनच्या जागी वेदीवर मराठी आली. फादर स्टीफन्स यांचे 1616 सालचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत होते, पण खुद्द मिस्सा मराठीत यायला आणखी साडेतीनशे वर्षे लागली. मराठी आल्यावर फळही दिसले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अनेक वर्षे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, वसईची हिरवाई वाचवण्याच्या चळवळीत पुढे होते, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

मात्र एक प्रश्न अजून उरतो. 1983 च्या चर्च कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असलीच पाहिजे. पालकीय परिषद कुठे नेमायची, हे बिशप ठरवतात. या परिषदेत गावकरी बसतात, बोलतात, पण कायद्याने तिचे मत केवळ सल्ल्यापुरते आहे. अखेरचा निर्णय धर्मगुरूंचा. अनेक ठिकाणी फादर परिषदेचे ऐकतात, तिथे कामे सुरळीत चालतात. जिथे ऐकत नाहीत, तिथे लोक हळूहळू लांब जातात. ज्या लोकांनी राजाश्रय गेल्यावर ही संस्था जगवली, त्यांचे मत आजही फक्त सल्ला असावे का?

वसईत हा प्रश्न आता अधिक टोकदार आहे. शेतीची आणि फुलबागांची जमीन इमारतींखाली जाते आहे, नव्या वस्त्या वाढत आहेत, मुले इंग्रजीतून शिकून देशोदेशी जात आहेत. आळीतल्या ओळखीवर उभी असलेली व्यवस्था अनोळखी माणसांच्या संकुलात कशी चालवायची, हे रोममधून ठरणार नाही आणि मंत्रालयातूनही नाही. 1739 नंतर ते जिथे ठरले, तिथेच, म्हणजे गावातल्या माणसांत ते ठरेल. त्यांना ठरवू दिले, तर.