टाकलेल्या साहित्याचा इतिहास : खडकी ते कामशेत

१

आपल्याकडे खेळाचा इतिहास म्हणजे बहुधा खेळाडूंचा आणि पदकांचा इतिहास असतो. कोण कोणाविरुद्ध कधी जिंकले, किती गोल झाले, कर्णधार कोण होता, हे सारे त्यात सापडते. खेळाडूच्या हातात आणि पायांत काय होते, ते त्याने विकत घेतले होते की कोणी टाकून दिलेले उचलले होते, हा प्रश्न इतिहासकाराला फारसा पडत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तो पडायला हवा. कारण साधनांविषयीची माहिती इतिहासातून गळते ती नाहीशी होत नाही. ती चरित्रकथेत आणि आख्यायिकेत जाऊन बसते, आणि तिथे गेल्यावर तिचा अर्थ बदलतो.

हॉकीच्या आपल्या आवडत्या कथा आठवून पाहाव्यात. ध्यानचंद यांच्या स्टिकमध्ये चुंबक असावे या संशयाने हॉलंडमध्ये ती फोडून पाहिली, ही एक. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील अंतिम सामन्यात ते उत्तरार्धात अनवाणी खेळले, ही दुसरी. त्या सामन्यात भारताने जर्मनीचा ८–१ असा पराभव केला. खिळ्यांचे बूट उतरवून रबरी तळव्यांनी खेळल्याचा जो तपशील या प्रसंगाबाबत सांगितला जातो, तो तोंडोतोंडी जाताना गळतो आणि उरतात ते केवळ उघडे पाय. म्हणजे निसरड्या मैदानाला योग्य असे पादत्राण निवडण्याचा विचारी निर्णय पुसला जातो व त्याच्या जागी साधनावाचून जिंकणारी प्रतिभा उभी राहते. पहिल्या कथेतही हेच घडते: स्टिक फोडून पाहिली तर आत काहीच नव्हते. आपल्या आख्यायिका साधन दाखवतात ते बहुतेक वेळा ते बाजूला सारण्यासाठी.

या दृष्टीने पुणे–लोणावळा लोहमार्गावरील दोन ठिकाणांकडे पाहण्याचा विचार प्रस्तुत लेखात आहे. एक खडकी, दुसरे मावळातील कामशेत. दोहोंमध्ये लोकलने फार तर तासाभराचे अंतर आहे. खेळाच्या साहित्याचा विचार केला, तर मात्र हे अंतर बरेच वाढते.

२

खडकीला लष्करी छावणी होती आणि १८६९ मध्ये तिथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. छावणी आली की मैदान येते, आणि मैदान आले की खेळणारे साहेब व मैदान राखणारे नेटिव असे दोन वर्ग येतात. बाळू पालवणकर (जन्म १८७६) यांचे घराणे मूळ कोकणातले, जातीने चांभार. त्यांचे वडील, एका माहितीनुसार, खडकीच्या याच कारखान्यात बंदुका आणि काडतुसे साफ करीत. दुसऱ्या माहितीनुसार ते पायदळाच्या ११२व्या पलटणीत शिपाई होते. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले ते लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर. पुढे बाळू युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लोटणे, जाळी बांधणे अशी कामे करू लागले. सरावात ते साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. रामचंद्र गुहा यांनी या काळाविषयी लिहिताना एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे: बाळूंना तिथे फलंदाजीची संधी कधीच मिळाली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, म्हणून ते नोकराकडे. बॅट मात्र खानदानी हातांसाठी राखीव. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज असा घडला. त्याच्या कौशल्याच्या मुळाशी साधनांची वाटणी होती, आणि ती वाटणी जातीची व सत्तेची होती.

बाळूंच्या जन्मानंतर ९२ वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच खडकीत धनराज पिल्ले यांचा जन्म झाला. वडील आयुधनिर्माणीच्या मैदानाची देखभाल करीत. कारखान्याच्या वसाहतीतील मऊ, धुळीच्या मैदानावर पिल्ले बंधू मोडक्या स्टिका बांधून आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन हॉकी शिकले. १९८९ ते २००४ या काळात धनराज ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धांत उतरले.

दोन खेळ, दोन शतके, एक गाव. दोन्ही ठिकाणी मैदान राखणारा आहे, दोन्ही ठिकाणी टाकलेले साहित्य आहे. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. छावणी, कारखाना, रेल्वे अशा संस्था साहित्य नियमाने विकत घेत, नियमाने बाद करीत, आणि बाद झालेले साहित्य कुंपणाच्या आत राहणाऱ्या कनिष्ठ नोकरांच्या मुलांपर्यंत पोचे. त्यामागे औदार्य असेलच असे नाही, बहुधा नसावेच. पण वाट होती, आणि या दोन बाबतींत तरी ती थेट आंतरराष्ट्रीय मैदानापर्यंत गेली.

३

ही वाट चालू राहण्यास एक भौतिक कारणही होते. ते म्हणजे लाकूड. हॉकीची जुनी स्टिक तुतीच्या लाकडाची असे आणि तिची मूठ वेताची. इंग्लंडमधील स्टिकचे टोक लांबट असे. तुतीचे लाकूड अधिक वाकवता येते, त्यामुळे भारतीय उपखंडातील कारागिरांनी आखूड, घट्ट वळणाचे टोक घडवले. स्टिक मनगटात चटकन फिरवून चेंडू उलट्या बाजूने खेळणे त्यामुळे सोपे झाले. ज्या लीलया चेंडू खेळवण्याला आपण ‘भारतीय शैली’ म्हणतो, तिच्यात सियालकोटच्या सुताराचा वाटा आहे. फाळणीनंतर यांतले अनेक कारागीर जालंधर आणि मेरठ येथे स्थायिक झाले.

लाकूड रेषेने फुटते. फुटलेली स्टिक सरस लावून, वर सुतळी करकचून बांधली की आणखी काही काळ चालते. फटक्यात पूर्वीचा जोर राहत नाही, पण चेंडू अडवणे आणि वळवणे शिकता येते. अशा स्टिकवर शिकणारा मुलगा जोरापेक्षा कौशल्यावर भर देणार, हे ओघाने आले. १९९० च्या दशकापासून काचतंतू व कार्बनतंतू यांच्या स्टिका आल्या. त्या पाणी शोषत नाहीत, फटका जोरकस बसतो, आणि लाकडापेक्षा त्या पुष्कळ टिकतात. मात्र एकदा मोडल्या की मोडल्या. सुतळीने त्या जोडता येत नाहीत. लाकडी स्टिका आजही मिळतात व नवशिकी मुले त्या वापरतात. परंतु वरच्या पातळीवरून खाली झिरपणारी, मोडूनही उपयोगी पडणारी वस्तू मात्र आता उरलेली नाही.

४

आता डाव्या हाताकडे वळू. हॉकीत डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला असतो आणि उजवा खाली. गवतावर किंवा मुरुमावर चेंडू उसळतो, म्हणून स्टिक बरीचशी उभी धरावी लागते आणि डावी मूठ जमिनीपासून दूर राहते. १९७५ मध्ये भारताने क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला तो गवतावर. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर गेला. या घसरणीची कारणे अनेक आहेत व त्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. हाताचे काय झाले ते मात्र क्वचितच लिहिले जाते.

सपाट हिरवळीवर चेंडू सरळ धावतो. त्याला अडवण्यासाठी स्टिक जमिनीवर आडवी टाकता येते, आणि उलट्या बाजूने फटका मारताना ती जमिनीला जवळजवळ समांतर आणता येते. या दोन्ही कृतींत डाव्या हाताची बोटे हिरवळीवर घासतात. वाळू भरलेल्या हिरवळीवर तर कातडी सोलून निघते. म्हणून डाव्या हाताला, बोटांच्या सांध्यांवर जाड फोम असलेला आणि तळव्याकडे पातळ किंवा उघडा असा हातमोजा आला. तो आला तेव्हा खेळ आधीच बदललेला होता. हातमोज्याने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. हातमोजा नसलेला मुलगा स्टिक आडवी टाकण्यास कचरतो, म्हणजे तो जुनाच खेळ खेळत राहतो.

गोलरक्षकाच्या बाबतीत हे अधिक ठळक दिसते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानला १–० असे हरवताना भारताचे गोलरक्षक होते शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक. बेळगावचे बंडू पाटीलही त्या संघात होते. लक्ष्मण यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते; ते त्या काळी कोणाच्याच नसे. आज पेनल्टी कॉर्नरवर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या चेंडूसमोर तसे उभे राहणे हा वेडेपणा ठरेल. कापूस आणि कॅनव्हासचे पॅड पाणी मारलेल्या हिरवळीवर भिजून जड होतात. त्यांची जागा फोमच्या पॅडांनी घेतली. पूर्वी चेंडू पॅडला लागून मरत असे, आता तो दूर उसळतो, आणि गोलरक्षणाचे तंत्रच त्यानुसार पालटले.

बर्फावरील हॉकीत हातमोज्याशिवाय पाऊलच टाकता येत नाही. तिथे कठीण रबराची चकती आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकचे तडाखे दोन्ही हातांवर येतात, म्हणून दोन्ही हातमोजे मनगटाच्या वरपर्यंत जाड असतात. तळवा मात्र पातळ ठेवतात, नाहीतर स्टिक ‘कळत’ नाही. पातळ तळवा लवकर फाटतो, जाड तळवा स्पर्श मारतो: हौशी खेळाडूंचा कायमचा पेच हाच. लडाखमध्ये हा खेळ रुजला तेव्हा लष्करी बुटांना पाती ठोकून स्केट बनवल्याचे सांगतात. लडाखी मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाला २०१७ मध्ये बँकॉकच्या स्पर्धेत जाण्यासाठी लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला. तिथे फिलिपिन्सला ४–३ असे हरवून त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. इथेही बातमीदारांना भावले ते साहित्याचे दुर्भिक्ष.

५

खडकीहून लोकल पिंपरी, तळेगाव ओलांडून कामशेतला येते. पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे कृत्रिम हिरवळीचे मैदान आहे. २०२१ ची पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तिथे झाली. खडकीच्या धुळीचा वारसदार म्हणावा तर हेच मैदान. कामशेतची ख्याती वेगळ्या खेळाची आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यांतील या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग रुजले. पावसाळा सरला की सुट्टीच्या दिवशी मुंबई–पुण्याची मंडळी पाठीवर मोठाल्या पिशव्या घेऊन येतात: छत्र, आसनपट्टे, राखीव हवाई छत्री, शिरस्त्राण आणि हातमोजे. छत्राच्या बारीक दोऱ्या ताणाखाली बोटे कापू शकतात, म्हणून इथेही हातमोजा हवा. आणि नियंत्रणाच्या दोऱ्यांतून हवेची हालचाल बोटांना कळावी, म्हणून तो पातळ हवा. पेच तोच, बर्फावरचा.

परंतु एक मूलभूत फरक आहे. हवेत उडण्याच्या खेळात टाकलेले साहित्य दुसऱ्याला देता येत नाही. छत्राचे कापड उन्हाने आणि वापराने विरते, त्यातून हवा झिरपू लागते, आणि ठराविक तासांनंतर ते उडण्यास धोकादायक ठरते. शिस्तीने चालणारे प्रशिक्षक असे छत्र बाद करतात, आणि तेच योग्य आहे. बाळूंच्या हाती साहेबाची जुनी बॅट आली, धनराज यांच्या हाती बांधलेली स्टिक आली. कामशेतच्या टेकडीखालच्या शेतातून आकाशाकडे पाहणाऱ्या मुलाच्या हाती असे काही येऊ शकत नाही. येऊ नये हेच त्याच्या हिताचे आहे. म्हणून त्याला या खेळात यायचे असेल तर मार्ग एकच: कोणीतरी जाणीवपूर्वक, पैसे खर्चून, चांगले साहित्य त्याच्यासाठी उपलब्ध करून द्यायचे. इथे भंगारावर भागत नाही, धोरण लागते.

६

हॉकीही आता कामशेतच्या बाजूला सरकली आहे. हिरवळ, जोडता न येणारी स्टिक, फोमचे पॅड, डावा हातमोजा यांनी खेळ अधिक वेगवान आणि खेळाडूला अधिक सुरक्षित केला, यात शंका नाही. त्याचबरोबर उरल्यासुरल्या साहित्यावर वर चढण्याची जुनी शिडी त्यांनी काढून घेतली. असे असताना आपली चरित्रे, पाठ्यपुस्तकातील धडे आणि सत्कारसमारंभातील भाषणे मोडक्या स्टिकची गोष्ट पूर्वीच्याच उत्साहाने सांगत राहतात. तिचा ध्वन्यर्थ असा, की जिद्द असेल तर साधने गौण. ही कथा ऐकणाऱ्याला काहीही द्यावे लागत नाही, म्हणून ती लोकप्रिय आहे.

या कथेचा पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. १९९८ मध्ये बँकॉकला धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनंतर आशियाई स्पर्धांतील हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर लगेचच धनराज आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृत कारण देण्यात आले. खेळाडूंनी मानधनाचा प्रश्न लावून धरला होता, त्याच्याशी लोकांनी या निर्णयाचा संबंध जोडला. मोडक्या स्टिकवर खेळणारा मुलगा आपल्याला भावतो. तोच मोठा होऊन आपल्या श्रमाचे मोल मागतो तेव्हा कथा अडखळते. पूना क्लबात बाळूंच्या गोलंदाजीचे कौतुक होते, बॅट मात्र त्यांना दिली गेली नाही. या दोन प्रसंगांना एकत्र वाचले, तर टाकलेल्या साहित्याची कथा प्रतिभेइतकीच हिशेबाचीही आहे हे ध्यानात येते: कोणी काय विकत घेतले, काय टाकले, आणि ज्याने ते उचलले त्याला पुढे काय देण्याचे नाकारले. चरित्राच्या वर्गात धनराज यांची मोडकी स्टिक शिकवताना १९९८ सालही त्याच तासाला शिकवावे.