अनाम वादळ : कांडला, १९९८

फाळणीमुळे कराची बंदर पाकिस्तानात गेले आणि त्याला पर्याय म्हणून कच्छच्या आखातात कांडला बंदर विकसित करण्यात आले. १९५५ मध्ये त्यास प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला. परिसरातील सखल, खाऱ्या जमिनीवर मिठागरे होती आणि तेथेच मजुरांच्या झोपड्या. मिठाचे काम पावसाळा लागेपर्यंत चालते. ९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाने मोसमी पावसाआधीच ही वस्ती गाठली. मजूर तेव्हा आगरांवरच होते. उसळलेले समुद्राचे पाणी झोपड्यांत शिरले. इशारा देण्यात आला होता. तो झोपडीपर्यंत नेणारी व्यवस्था मात्र नव्हती.

अधिकृत नोंदीनुसार हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बेपत्तांच्या संख्येविषयी मात्र वाद राहिला. कारण अनेक मजूर स्थलांतरित होते आणि त्यांच्या वास्तव्याची पुरेशी नोंदच नव्हती. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना नावे देण्याची प्रथा २००४ पासून सुरू झाली. म्हणून हे वादळ अनाम राहिले. वादळाचे अनाम राहणे हा तत्कालीन संकेताचा भाग होता. माणसांचे अनाम राहणे हा मात्र व्यवस्थेचा दोष होता. बंदराच्या इतिहासात त्याची नोंद होणे आवश्यक आहे.