पत्र्याची धूळ आणि हजेरीपट

१९२४ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी नेली केरशॉ ही ३३ वर्षांची कामगार बाई वारली. टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ती अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. तिच्या फुप्फुसात तीच धूळ सापडली. डॉक्टर कुक यांनी ते त्याच वर्षी छापून जाहीर केले. कंपनीने भरपाई नाकारली. १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारला या धुळीविरुद्ध नियम करावे लागले. आणि १९३४ मध्ये त्याच टर्नर समूहाची ‘अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट’ कंपनी भारतात सुरू झाली. तेव्हा "धोका माहीत नव्हता" ही सबब निदान आपल्याला तरी कुणी सांगू नये.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. का? तर तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, आणि त्याने इतरांना विटाळ होई! बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न धसास लावला. कोणी कुठल्या खात्यात राबायचे, हे जात ठरवत होती. आज मजूर नाक्यावर तशी पाटी लावलेली नसते. पण दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसे तिथे कोणत्या वस्त्यांतून येतात, ते आपण जाणतो.

सिमेंटचा पत्रा शाबूत असेतो त्यातले तंतू बांधलेले राहतात. त्याला ग्राइंडर लावला, भोक पाडले, चाळ तोडताना त्यावर घण पडला, की ते उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. आजार उमटतो तो बहुधा २० ते ४० वर्षांनी.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती के. रामस्वामी दलित समाजातून आलेले होते, हेही आपल्या पोरांना ठाऊक असावे. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांत जी मुदत नंतर संपेल तोवर जपा, असा तो आदेश. पुढे मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतले १८१ कामगार तपासले, तर ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. त्यांचे नाव हजेरीपटावर होते, म्हणून त्यांना शोधता तरी आले.

नाक्यावरच्या माणसाची नोंद कोण ठेवणार? त्याचा मुकादम रोज बदलतो. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस अजून आयात होतोच आहे. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी हवी तर मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ४० वर्षांनी उमटणाऱ्या आजाराला कायदा ९० दिवसांचा हिशेब विचारतो, आणि त्या ९० दिवसांत कुठला पत्रा फोडला, हे त्या दाखल्यावरून कळत नाही.