‘आयर्नोपोलिस’ : साडेचार वर्षांचा एक फुटबॉल क्लब



लिव्हरपूल हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असेल. हल्ली तर शाळेतली लहान मुलेही त्या संघाच्या खेळाडूंची नावे घडाघड म्हणून दाखवतात. पण लिव्हरपूलने आपला पहिला लीग सामना कोणाविरुद्ध खेळला, असा प्रश्न मी वर्गात टाकला तेव्हा एकही हात वर झाला नाही. उत्तर आहे मिडल्सब्रो आयर्नोपोलिस. तारीख २ सप्टेंबर १८९३. लिव्हरपूलने तो सामना २-० असा जिंकला. तो हरलेला क्लब पुढच्या वर्षी जगात उरलाही नाही. आज मला आपल्याला गोष्ट सांगायची आहे ती त्या हरलेल्या क्लबाची.

प्रथम गाव पाहू. इंग्लंडच्या ईशान्येस टीज नदीच्या मुखाजवळ मिडल्सब्रो आहे. १८०१ च्या शिरगणतीत तेथे अवघी २५ माणसे होती! १८३० मध्ये दगडी कोळसा जहाजात भरण्यासाठी रेल्वेचा फाटा तेथवर आला आणि वस्ती वाढू लागली. १८५० मध्ये जवळच्या एस्टनच्या टेकड्यांत लोहखनिजाचा मोठा साठा सापडला, तेव्हा मात्र गावाचे रूपच पालटले. भट्ट्या उभ्या राहिल्या, चहूकडून मजूर आले आणि शतक संपता संपता लोकसंख्या नव्वद हजारांच्या घरात गेली. लोक अभिमानाने या गावाला ‘आयर्नोपोलिस’ म्हणू लागले. ‘पोलिस’ म्हणजे ग्रीक भाषेत नगर. आपल्याकडे सोलापूर, कोल्हापूर, तसे हे ‘लोहपूर’ म्हणा ना.

आठवडाभर राबणाऱ्या या कामगारांना शनिवारी दुपारची सुटी मिळे आणि ती दुपार फुटबॉलची असे. गावात १८७६ पासून मिडल्सब्रो नावाचा क्लब होता. तो हौशी, म्हणजे खेळाडूंना पगार न देणारा. १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने पगारी खेळाडूंना मान्यता दिली आणि १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. आता वाद पेटला. पैसे घेऊन खेळणे कमीपणाचे, असे काहींचे मत. काही म्हणत, गिरणी-कारखान्यात घाम गाळणाऱ्या माणसाने खेळासाठी मजुरी बुडवावी कशी? सुखवस्तू माणसाला हौस परवडते, मजुराला ती परवडत नाही. या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला तरी अधिक पटते. क्लबात एकमत होईना, तेव्हा १८८९ मध्ये पगाराच्या बाजूची मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी नवा क्लब काढला. नाव ठेवले गावाचेच टोपणनाव. गंमत अशी, की जुन्या क्लबानेही लवकरच पगारी खेळाडू ठेवले. म्हणजे ज्यासाठी भांडण झाले ते कारणच संपले, पण फूट मात्र कायम राहिली.

आयर्नोपोलिसचे मैदान ‘पॅराडाइज’, म्हणजे स्वर्ग या नावाचे. तेथे या क्लबाने खरोखरच चांगले दिवस पाहिले. १८९१, १८९२ आणि १८९३ अशी सलग तीन वर्षे त्याने नॉर्दर्न लीगचे विजेतेपद मिळवले. (याच सुमारास, १८९१ मध्ये, आपल्या मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला, त्या वेळी तो गोऱ्या पलटणींचाच खेळ होता.) १८९३ च्या एफ.ए. कपमध्ये नॉट्स काउंटीसारख्या नामांकित संघाला ३-२ असे हरवून आयर्नोपोलिस उपउपांत्य फेरीत पोहोचला. समोर प्रेस्टन नॉर्थ एंड. हा पहिल्या फुटबॉल लीगचा विजेता, जो त्या वर्षी एकही सामना हरला नव्हता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. फेरसामन्यात मात्र प्रेस्टनने सात गोल केले आणि आयर्नोपोलिसला एकही करता आला नाही.

मधल्या काळात, १८९२ मध्ये, दोन्ही क्लबांना शहाणपण सुचले होते. एकत्र येऊन फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मागावा, असे ठरले. संयुक्त अर्ज गेला, पण त्याला अवघे एक मत पडले. एकी तेवढ्यावरच मोडली. जुना क्लब पुन्हा हौशी झाला आणि आयर्नोपोलिस एकट्यानेच पुढे निघाला.

१८९३ मध्ये त्याला दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला. पंधरा संघ, अठ्ठावीस सामने. लिव्हरपूल, न्यूकॅसल युनायटेड, वूलिच आर्सेनल आणि पुढे मँचेस्टर सिटी या नावाने प्रसिद्धीस आलेला आर्डविक, हे सारे त्याच रांगेत होते. आयर्नोपोलिसने आठ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले, सोळा गमावले आणि अकरावा क्रमांक पटकावला. मित्रांनो, हा निकाल काही लाजिरवाणा नव्हे; आर्डविक त्याच्याही खाली होता. पण लीग म्हणजे खेळाडूंचे पगार आणि लंडनपर्यंतचे रेल्वेभाडे. तिकिटांची कमाई या खर्चाला पुरेना. त्यात एका गावचे प्रेक्षक दोन क्लबांत वाटलेले. १८९४ मध्ये, लीगमधील एकाच हंगामानंतर, क्लब बंद झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिव्हरपूल क्लबाचा जन्मही भांडणातूनच झाला आहे. १८९२ मध्ये मैदानाच्या भाड्यावरून एव्हर्टन क्लब अ‍ॅनफील्ड सोडून गेला आणि रिकाम्या मैदानासाठी लिव्हरपूल क्लब काढण्यात आला. तेव्हा फुटलेले सारेच बुडतात असे म्हणता येणार नाही. पण लिव्हरपूल हे मोठे बंदर. दोन क्लब पोसण्याइतके प्रेक्षक त्या शहरापाशी होते. लोहपुरापाशी ते नव्हते.

जुना मिडल्सब्रो क्लब हौशी संघांचा कप १८९५ आणि १८९८ मध्ये जिंकला. पुढे १८९९ मध्ये त्याने पुन्हा पगारी खेळाडू ठेवले आणि फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवला. दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मंडळी नेमके हेच मागत होती. १९०३ मध्ये या क्लबाने ‘पॅराडाइज’च्या शेजारीच एअरसम पार्क हे मैदान बांधले. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने इटलीला १-० असे हरवले, ते याच मैदानावर. १९९५ मध्ये क्लब नदीकाठच्या नव्या मैदानात गेला आणि एअरसम पार्कच्या जागी घरे उभी राहिली.