गॅलरीतली तुळस आणि पाणी धरणारे दाणे
(थ्रेड)

१/ गिरगाव-परळच्या चाळींत बाग म्हणजे गॅलरीचा कठडा. तेलाच्या डब्यात तुळस, शेजारी मोगरा. मे महिन्यात आठ दिवस गावी जायचे तर प्रश्न एकच: पाणी कोण घालणार? त्यावर उपाय म्हणून हल्ली रोपवाटिकेत साखरेसारख्या दाण्यांची पुडी मिळते.

२/ या दाण्यांचा पूर्वज अमेरिकेतील पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेतला. (युद्धकाळात पेनिसिलिनचे उत्पादन वाढविण्याचे काम झाले, ती हीच.) १९७० च्या दशकात तेथे मक्याच्या स्टार्चपासून शेकडो पट पाणी शोषणारा पदार्थ सिद्ध झाला, नाव पडले 'सुपर स्लर्पर'. पुढे त्याचे कृत्रिम भाऊबंद बाळांच्या डायपरमध्ये शिरले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून 'पुसा हायड्रोजेल' तयार केले, ते शेतीसाठी.

३/ दाणा म्हणजे लांब रेणूंचे जाळे. पाण्यात त्यावरचे विद्युतभार परस्परांना लोटतात, जाळे पसरते, पाणी आत शिरते. पाण्यात क्षार असले की हे लोटणे मंदावते आणि दाणा आखडतो. पुडीवरचा 'शेकडो पट'चा दावा शुद्ध पाण्याचा असतो, हे कोणी सांगत नाही.

४/ येथे मुंबईचा इतिहास आड येतो. पूर्वी हे शहर विहिरी-तलावांवर जगे; सी. पी. टँक, धोबी तलाव ही नावे त्याची खूण. १८६० मध्ये विहारचे पाणी आले, १८७९ मध्ये तुळशीचे, १८९२ मध्ये तानसाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांमुळे अनेक विहिरी बुजविल्या वा झाकल्या गेल्या. तलावाचे पाणी मुळात पावसाचे, क्षार थोडे. चाळीच्या नळावर दाणा छान फुगतो. लालबागच्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एखाद्या टॉवरमध्ये झाडांना बोअरवेलचे मचूळ पाणी जात असेल, तर तोच दाणा कितीतरी कमी फुगेल. महाग पुडी कुठे वाया जाते ते यावरून कळावे.

५/ प्रमाण: लिटरभर मातीला ग्रॅम-दीड ग्रॅम. आधी भिजवून, मुळांच्या पातळीवर मिसळावे. कोरडे जास्त घातले तर पहिल्या पाण्यालाच माती फुगून रोप वर येते. उन्हात दाणे लवकर विरतात, म्हणून वर पसरू नयेत. लहान मुलांपासून दूरच. गिळलेला दाणा आतड्यात फुगतो.

६/ आणि पावसाळ्यात? गॅलरीत झड येते तिथे मुळीच नको, तुळशीची मुळे कुजतात. माझे मत विचाराल तर नारळाच्या काथ्याचा भुसा आणि शेणखत आधी. दाणे फक्त त्या मे महिन्यातल्या आठ दिवसांपुरते.