समेआधीची कळ : मैफल आणि खिशातला कॅमेरा

अब्दुल करीम खाँसाहेबांची जी छायाचित्रे आपल्या परिचयाची आहेत, ती बहुतेक कॅमेऱ्यासमोर स्थिर बसून काढून घेतलेली आहेत. फेटा, कोट, मिशा, शांत नजर; पण गाणे त्यांत नाही. खाँसाहेबांचा आवाज ध्वनिमुद्रिकांमुळे आपल्याला मिळाला, गाताना चेहऱ्यावर काय उमटत असे ते मात्र फारसे मिळाले नाही. १९३७ साली त्यांचे निधन झाले, मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली, आणि उरुसातल्या संगीतसभेत त्यांची शिष्यपरंपरा गात राहिली. त्या काळच्या काचा आणि फिल्मा मंद होत्या. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात हलणारा हात आणि मिटलेले डोळे टिपायचे, तर लख्ख प्रकाश पाडावा लागे, आणि तसा प्रकाश पाडला की मैफल मोडे.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावेसे वाटते. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी उभे केलेले संग्रहालय आजही पाहता येते. त्याच औंधात १९४० साली अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला आणि पुढे गजाननबुवांनी तो चालविला. चित्राचा एवढा हव्यास असलेल्या गावातही मैफलीची परंपरा प्रामुख्याने कानावर आणि आठवणीवरच तगली.

पुढे जलद फिल्म आली आणि मैफलीचे छायाचित्रण ही एक स्वतंत्र कला झाली. पुण्याच्या सतीश पाकणीकरांसारख्यांनी तिला प्रतिष्ठा दिली. परंतु व्यावसायिक छायाचित्रकाराचे भिंग स्वाभाविकपणे मुख्य कलावंतावर रोखलेले असते. आमच्या विषयाचे खरे नायक मात्र वेगळे आहेत : २००० नंतरच्या दशकात सांगली-साताऱ्याच्या श्रोत्यांच्या खिशांत शिरलेले लहान डिजिटल कॅमेरे.

या कॅमेऱ्यांची कुवत बेताची होती. त्यांतील प्रकाशसंवेदक जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीशी तुलना केली तर क्षेत्रफळ सुमारे पस्तीसपट कमी. संवेदनशीलता चारशेपर्यंत वाढवली की चित्रात रवाळ दाणे उठत. फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरांपलीकडे पोहोचत नसे. म्हणजे दहाव्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्या गृहस्थाच्या चित्रात पुढच्या रांगेतली टक्कले तेवढी उजळत. त्यात अंतर मोजण्यासाठी लागणारा लालसर दिवा थेट गायकाच्या तोंडावर पडे आणि कळ दाबताच टुकटुक आवाज होई. गायकाने डोळे वटारले तर त्यात नवल नव्हते. फ्लॅश, दिवा आणि आवाज हे तिन्ही बंद करून कॅमेरा गुडघ्यावर टेकवणारा श्रोता, एवढाच काय तो सुसंस्कृत छायाचित्रकार.

सर्वांत मोठी अडचण विलंबाची. कळ दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत अर्धा सेकंद सहज जाई. विलंबित एकतालात अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. पण द्रुत त्रितालात सेकंदाला चार मात्रा चालल्या असतील, तर तेवढ्यात दोन मात्रा निघून जातात. समेवर हात पडलेला पाहून कळ दाबणाऱ्याला समेनंतरचा सैलावलेला चेहराच मिळायचा. म्हणून कळ अर्धी दाबून आधीच अंतर पक्के करायचे आणि समेच्या किंचित आधी ती पुरी दाबायची. हे ज्याला जमे त्याला ताल कळत असे. यंत्राच्या उणिवेने श्रोत्याला मात्रा मोजायला लावल्या, हा या इतिहासातला आम्हांस सर्वांत आवडणारा भाग.

या चित्रांचे मोल त्यांच्या सौंदर्यात नाही. फिल्म मोजून वापरावी लागे. कार्डावर जागा मुबलक होती, म्हणून लोकांनी नको तेही टिपले. मागे तंबोऱ्यावर बसलेली शिष्या, संवादिनीवाला, जुळवणी करताना वाकलेला मिरजेचा कारागीर. ज्या मिरजेतल्या शिकलगारांच्या घरांतून सतार-तंबोऱ्यांचा व्यवसाय उभा राहिला आणि ज्यांच्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कारागिरांना मैफलीच्या चित्रात जागा मिळाली ती अशा हौशी, किंचित हललेल्या फोटोंतच.

दुसरे मोल वेळेचे. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा तारीख आणि तास-मिनिटे नोंदवून ठेवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागी ध्वनिक्षेपकाला बंदी घातली; मग वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. रात्रभराच्या मैफली आखडल्या, आणि उत्तररात्रीचे राग मंचावरून हळूहळू दिसेनासे झाले. कोणत्या गावी ही रात्र कोणत्या वर्षी तुटली हे आठवणींवर विसंबून सांगणे अवघड आहे. एखाद्या श्रोत्याची लागोपाठ दहा वर्षांची चित्रे हाती आली, तर भैरवी किती वाजता सुरू झाली हे वर्षागणिक मांडता येईल. अर्थात बॅटरी काढल्यावर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मूळपदावर जाई, म्हणून कार्यक्रमपत्रिकेशी ताळा घालूनच हा पुरावा वापरावा.

पण पुरावा उरला आहे कुठे? आजोबांच्या निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात टिकल्या. आजच्या मोबाइलमधली चित्रे आपोआप दूरच्या साठवणीत जातात. मधल्या दशकातली चित्रे मात्र सीडींवर आहेत, आणि ती वाचणारे यंत्र घरातल्या संगणकातून नाहीसे झाले आहे. काही सीडींचा थरही उडाला असेल. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी बाहेर पडले. त्यानंतर मोबाइलने त्यांचा बाजार बसवला आणि ही सामग्री अडगळीत गेली.

सांगली, मिरज, सातारा, औंध इथल्या ज्या घरांत अशा सीडी असतील, त्यांनी त्या यंदाच नव्या साठवणीत उतरवून घ्याव्यात, आणि फाइलींची मूळ नावे व तारखा बदलू नयेत. शक्य झाल्यास एका वहीत गाव, वर्ष आणि मागे बसलेल्यांची नावे लिहावीत. तंबोऱ्यावरच्या शिष्येचे नाव आधी, कारण मुख्य गायकाचे नाव पत्रिकेवर छापलेले असतेच.