करार एक, अटी अनेक

लंडनमधील चेरिंग क्रॉस स्थानकाच्या सामानघरांत एका प्रवाशानें आपली बॅग ठेवली, दोन पेन्स दिले आणि हातीं आलेली चिठी न वाचतांच खिशांत घातली. चिठीच्या दर्शनी बाजूस ‘मागें पाहा’ अशी सूचना होती. पण मागें पाहण्याची गरज त्यास वाटली नाहीं. पुढें बॅग हरवली. तिची किंमत २४ पौंड १० शिलिंग होती. भरपाई मागतांच रेल्वे कंपनीनें चिठी उलटून दाखविली. १० पौंडांहून अधिक किंमतीच्या सामानाची जबाबदारी कंपनीवर नाहीं, असें तेथें छापलेलें होतें.

हा तंटा १८७७ सालीं इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढें आला. प्रवाशानें अट वाचली होती काय, एवढाच प्रश्न पुरेसा नाहीं. ती त्याच्या नजरेस यावी म्हणून कंपनीनें वाजवी व्यवस्था केली होती काय, हें पाहिलें पाहिजे, असें न्यायालयानें ठरविलें व खटला पुन्हा चालविण्यास सांगितलें. त्याच्या दोन वर्षें आधीं, १८७५ सालीं, डब्लिनहून व्हाइटहेव्हनला जाणाऱ्या आगबोटीच्या तिकिटाचा असाच वाद उमरावांच्या सभेपर्यंत गेला होता. त्या तिकिटाच्या पाठीवर अटी होत्या, परंतु पुढील बाजूस त्यांचा उल्लेखहि नव्हता. तेथें उतारूच्या बाजूनें निकाल झाला. दोन पेन्सांची चिठी असो वा आगबोटीचें तिकीट असो, प्रश्न मोठा होता. ज्या अटी एकाच पक्षानें लिहिल्या व दुसऱ्यानें केवळ घेतल्या, त्यांना करार म्हणावें काय?

पूर्वीं करार म्हटला म्हणजे दोन माणसांची घासाघीस डोळ्यांसमोर येई. बाजारांत गाईचा सौदा होतांना दोघेहि बोलत, दोघेहि थोडें सोडीत. रेल्वे, विमा, वीज व दूरध्वनि यांच्या कंपन्या आल्या आणि एकाच मसुद्यावर हजारों माणसें सह्या करूं लागलीं. रेमों सालेय या फ्रेंच कायदेपंडितानें १९०१ सालीं या प्रकारास निराळें नांव दिलें. ग्राहक येथें करार करीत नाहीं, तर आयत्या कराराला जाऊन चिकटतो, असा त्या नांवाचा आशय होता. जर्मनींत लुडविग रायझर यानें १९३५ सालीं या छापील अटींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि अमेरिकेंत फ्रीड्रिख केसलर यानें १९४३ सालीं याच विषयावर प्रसिद्ध निबंध लिहिला. करारस्वातंत्र्याच्या नांवाखालीं बलवान पक्ष खासगी कायदेच करूं लागतो, हा त्याचा इशारा होता.

सहीचा जोर केवढा असतो, हें १९३४ सालच्या एका निकालानें दाखविलें. वेल्समधील लांडुड्नो येथील एका उपाहारगृहाच्या मालकिणीनें सिगारेटींचें स्वयंचलित यंत्र विकत घेतलें. करारपत्र तपकिरी कागदावर अगदीं बारीक टायपांत छापलेलें होतें. यंत्र बिघडलें; पण कोणतीहि हमी विक्रेत्यावर नाहीं, असें त्या बारीक अक्षरांत होतें. सही केली आहे, फसवणूक झालेली नाहीं, तेव्हां वाचलें वा न वाचलें तरी बाई बांधील आहेत, असा निकाल लागला.

एक रेघ मात्र न्यायालयांनीं ठामपणें ओढली. अट करारापूर्वीं आली पाहिजे, मागाहून नव्हे. १९४९ सालीं एका हॉटेलच्या खटल्यांत निजण्याच्या खोलींत टांगलेली सूचना निष्फळ ठरली, कारण पाहुण्याचा करार खालीं स्वागतकक्षांतच पुरा झालेला होता. पुढें लंडनमधील एका स्वयंचलित वाहनतळाचा खटला निघाला. गाडी दाराशीं आली कीं यंत्रांतून तिकीट बाहेर येई, आणि आंतील अटी त्यास लागू आहेत असें त्यावर लिहिलेलें असे. गाडी परत नेण्यास आलेला मनुष्य तेथें जखमी झाला, तेव्हां इजेची जबाबदारी झटकणारी अट पुढें करण्यांत आली. लॉर्ड डेनिंग यांनीं ती मानली नाहीं. तिकीट बाहेर पडलें तेव्हां करार होऊन चुकला होता; यंत्राशीं वाटाघाट करतां येत नाहीं व मागेंहि फिरतां येत नाहीं, हें त्यांच्या निकालाचें मर्म होतें.

मोटारीचा आणि कराराचा संबंध याहून जुना आहे. हप्त्यांनीं वस्तु घेण्याच्या पद्धतींत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राही. पुष्कळसे हप्ते भरलेल्या कुटुंबाचा एखादा हप्ता चुकला कीं विक्रेता वस्तु उचलून नेई, आणि भरलेले पैसेहि बुडत. जॅरो या बेकारीनें गांजलेल्या गांवच्या पार्लमेंट-सभासद एलन विल्किन्सन यांनीं १९३८ सालीं या अन्यायाविरुद्ध कायदा करून घेतला. एकतृतीयांश रक्कम भरली असेल, तर न्यायालयाच्या हुकुमावांचून वस्तु परत नेतां येणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. मोटारगाड्यांपुरती मर्यादा मात्र ५० पौंडांची होती. त्यामुळें नव्या मोटारी बहुतेक त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. तरीहि एक गोष्ट सिद्ध झाली. छापील अटीपेक्षां कायदा श्रेष्ठ ठरूं शकतो.

पुढचें पाऊल जर्मनीनें टाकलें. १ एप्रिल १९७७ पासून छापील व्यापारी अटींविषयींचा स्वतंत्र कायदा तेथें अमलांत आला. ठरलेली सेवा बदलण्याचा हक्क राखून ठेवणारी अट ग्राहकास न्याय्य वाटण्यासारखी नसेल, तर ती निष्फळ ठरूं लागली. ५ एप्रिल १९९३ रोजीं यूरोपीय समुदायानें सर्व सभासद देशांसाठीं असाच निर्देश काढला. करारांत नमूद केलेल्या सबळ कारणावांचून अटी एकतर्फी बदलण्याचा अधिकार विक्रेत्यास देणारें कलम अन्याय्य मानलें जाऊं शकतें, असें त्याच्या परिशिष्टांत सांगितलें आहे.

या शब्दांना धार आली ती हंगेरींतील एका खटल्यामुळें. तेथील एका दूरध्वनि कंपनीनें ग्राहकांशीं करार झाल्यावर, पोस्टाच्या मनीऑर्डरीनें बिल भरणारांकडून जादा आकार घेण्याची अट मागाहून घातली. आकाराचा हिशेब कसा होणार, हें करारांत सांगितलेलें नव्हतें. यूरोपीय न्यायालयानें २६ एप्रिल २०१२ रोजीं सांगितलें कीं, बदलाचें कारण व पद्धति स्पष्ट दिली आहे काय आणि ग्राहकास करार सोडण्याचा हक्क आहे काय, हें तपासलें पाहिजे. शिवाय अशी अट एकदां अन्याय्य ठरली, कीं त्याचा लाभ खटल्यांत नसलेल्या ग्राहकांनाहि देतां येतो.

२७ एप्रिल २०२१ रोजीं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें बँकांच्या बाबतींत याहून मूलभूत निकाल दिला. नव्या अटी दोन महिने आधीं कळवावयाच्या, आणि ग्राहक गप्प राहिला तर त्यास त्या मान्य आहेत असें धरावयाचें, ही बँकांची वहिवाट होती. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हें वचन आपल्याकडे घरोघरीं ठाऊक आहे. पण जवळजवळ वाटेल तो बदल मौनाच्या जोरावर करूं देणारें कलम त्या न्यायालयानें रद्दबातल ठरविलें. 

हिंदुस्थानांत १८७२ च्या करार कायद्याचें ६२ वें कलम मुळांतच स्पष्ट आहे. जुन्या कराराऐवजीं नवा आणावयाचा वा जुना बदलावयाचा, तर उभय पक्षांची संमति हवी. १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालांत धुलाईच्या पावतीवरील अट तपासली गेली. हरवलेल्या साडीची पुरी किंमत देणार नाहीं, असें पावती म्हणत होती. धंदेवाल्याच्या निष्काळजीपणास उत्तेजन देणारी ही अट लोकहिताविरुद्ध म्हणून न्यायालयानें फेटाळली. १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानें ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा प्रथमच व्याख्येसह दिली. अवाजवी अनामत, नुकसानीशीं विसंगत दंड, सबळ कारणावांचून एकतर्फी करार संपविणें व ग्राहकास तोट्यांत घालणारा अवाजवी आकार वा बंधन, हीं त्यांतील कांहीं लक्षणें होत. एकतर्फी बदलाचें नांव त्या यादींत नाहीं. तो बहुधा शेवटच्या लक्षणाखालींच आणावा लागतो. अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य अथवा राष्ट्रीय आयोगाकडे न्यावी लागते. मात्र अन्याय्य अट शून्यवत् ठरविण्याचा अधिकार त्या आयोगांस आहे.

या साऱ्या इतिहासाची कसोटी आतां मासिक वर्गणीच्या मोटारीवर लागत आहे. २०१७ सालीं कॅडिलॅकनें न्यूयॉर्कमध्यें अशी योजना काढली. दरमहा १५०० डॉलर भरावे, विमा व देखभाल कंपनीनें पाहावी. वर्गणी पुढें १८०० वर गेली आणि २०१८ च्या अखेरीस योजनाच थांबविण्यांत आली. भारतांत मारुति सुझुकीनें २०२० सालीं गाड्यांची वर्गणी सुरू केली. विकत घेतलेल्या गाडीची किंमत उद्यां वाढली तरी मालकास झळ लागत नाहीं. वर्गणीदाराचा करार मात्र रोज जिवंत असतो, आणि म्हणूनच तो बदलतांहि येतो. किलोमीटरची मर्यादा घटते, विम्यांतील ग्राहकाचा वांटा वाढतो.

कंपनीची बाजूहि अगदींच पोकळ नाहीं. विमा व कर तिच्या हातांत नसतात. कांहींच बदलूं दिलें नाहीं, तर ती पहिल्याच दिवशीं दर चढवून ठेवील. म्हणून बदलाचें कारण आधीं लिहिलेलें असावें, सूचना वेळेवर व स्पष्ट असावी, आणि न पटल्यास दंडावांचून बाहेर पडतां यावें, हा मध्यम मार्ग अनेक देशांनीं काढला. पण नुसती बाहेर पडण्याची मोकळीक पुरत नाहीं. ज्यानें आपली जुनी गाडी विकून वर्गणी धरली, ज्याची नोकरी वीस मैलांवर आहे, त्याची स्थिति धरलें तर चावतें, सोडलें तर पळतें अशी होते. ठरलेली मुदत ठरल्या दरानें पुरी करून मागण्याचा हक्क त्यास असला पाहिजे.

चेरिंग क्रॉसच्या प्रवाशाला निदान एकच चिठी उलटून पाहावयाची होती. आजच्या वर्गणीदाराची चिठी दर महिन्यास नव्यानें छापली जाऊं शकते. म्हणून त्यानें पहिल्या दिवशींचा करारनामा जपून ठेवावा, आणि नव्या अटी आल्या कीं मौन न धरतां लेखी नकार कळवावा. अटी कितीहि वेळां छापल्या, तरी त्याचा होकार एकदांच दिलेला असतो.